लॉग लेव्हल नेमकी कुठे बदलायची? माझा अनुभव

सर्व्हरची डिस्क सारखी भरत होती, आणि भरण्यात मोठा वाटा लॉगचा, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लिहीत असलेल्या नोंदींचा होता. प्रत्येक नोंदीला गांभीर्याची एक पातळी असते, तीच लॉग लेव्हल. काम माझ्याकडे आलं ते एका वाक्यात: "सगळ्या सर्व्हिसेस वॉर्निंगवर टाक." सिस्टमडी ही लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारी व्यवस्था; तिच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'लॉगलेव्हलमॅक्स' नावाची एक ओळ टाकली की वॉर्निंगपेक्षा हलकी नोंद जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, येतच नाही. म्हटलं तर पाच मिनिटांचं काम.

पण आधी चाळून बघावं म्हणून ऑर्डर घेणाऱ्या सर्व्हिसचा जर्नल फक्त एररपुरता मागितला. एकही नोंद नाही! गाळणी काढली तर 'एरर' असं ठळक लिहिलेल्या ओळींचा खच. व्हर्बोज आउटपुटमध्ये एक नोंद उघडली तेव्हा कोडं सुटलं: मजकुरात एरर, आणि खाली 'प्रायॉरिटी=6'. सिस्लॉग या लॉग नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीच्या 0 ते 7 या आठ पातळ्यांत आकडा लहान तेवढी बाब गंभीर; 3 म्हणजे एरर, 4 वॉर्निंग, 6 इन्फो, 7 डीबग. (पायथनच्या लॉगिंगमध्ये बरोबर उलटं, डीबग 10 आणि क्रिटिकल 50. त्यामुळे "लेव्हल वाढव" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या बाजूला?) सर्व्हिस आउटपुटवर नुसतं काही छापत असेल तर सिस्टमडी मजकूर वाचत बसत नाही, प्रत्येक ओळीवर सरसकट इन्फोचा शिक्का मारतो. म्हणजे ती एक ओळ टाकली असती तर कचऱ्याबरोबर सगळे एररही गेले असते.

यावर उपाय सोपा आहे. ओळीच्या सुरुवातीला कोनी कंसात 3 छापला की सिस्टमडी ती ओळ एरर म्हणून नोंदवतो. मेख एवढीच की जर्नलमध्ये प्रत्येक ओळ ही वेगळी नोंद असते. ट्रेसबॅकची (चूक कोडमध्ये कुठे झाली ते सांगणाऱ्या अनेक ओळींची) पहिली ओळ एरर झाली, खालच्या सगळ्या इन्फोच राहिल्या, आणि खरी माहिती तर खालीच असते. मग फॉर्मॅटरमध्ये, म्हणजे नोंदीला आकार देणाऱ्या कोडमध्ये, बदल करून प्रत्येक ओळीला तो आकडा लावून घेतला.

पोस्टग्रेस या डेटाबेसची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचा लॉग आमच्याकडे सिस्लॉगला जातो, आणि तिकडे पाठवताना तो पातळ्या आपल्या हिशेबाने बदलतो: त्याचा एरर तिथे वॉर्निंग होतो, वॉर्निंग नोटीस होते, आणि रेंगाळणाऱ्या क्वेरींच्या नोंदी, ज्या त्याच्या लेखी 'लॉग' पातळीच्या असतात, त्या इन्फो म्हणून उतरतात. तिथे वॉर्निंगची गाळणी लावायची म्हणजे ज्यासाठी लॉग ठेवायचा तेच फेकायचं. त्याची पातळी मी त्याच्याच कॉन्फिगमध्ये ठेवली.

शेवटी ठरवलं असं की काय लिहायचं ते सर्व्हिसने ठरवावं. युनिट फाइलमध्ये मी फक्त इन्फोची मर्यादा घातली, चुकून डीबग चालू राहिला तर अडवायला.

आणि डिस्क? जर्नल डीफॉल्टने फाइलसिस्टमच्या 10 टक्क्यांपर्यंत, पण 4 जीबीच्या पुढे नाही, एवढीच जागा घेतो. जागा खात होती ती आरसिस्लॉग हा वेगळा लॉग लिहिणारा प्रोग्रॅम लिहीत असलेली त्याच नोंदींची दुसरी प्रत, आणि त्या फाइलला लॉगरोटेटचा (जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढून पुसणाऱ्या साधनाचा) नियमच नव्हता. तो लावला आणि डिस्कची तक्रार थांबली. लेव्हलचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हताच.

एक गोष्ट मात्र अडून करून घेतली: डीबगच्या ओळींत लॉगिनचे टोकन (पासवर्डसारखी गुप्त खूण) जसेच्या तसे छापले जात होते, ते झाकायला लावले. पोस्टग्रेसची पातळी रीस्टार्ट न करता नुसत्या रीलोडने बदलते. आमच्या स्वतःच्या सर्व्हिसला अजून रीस्टार्ट द्यावा लागतो, आणि रीस्टार्ट केला की बऱ्याचदा ज्याच्यासाठी लेव्हल बदलायची तो बगच दिसेनासा होतो. ते काम यादीत आहे.