तुम्ही विचारलंत म्हणून : पडद्यासमोर मुलांचं लक्ष लागतं तरी कसं?

गेली काही वर्षं मी पाचवी ते आठवीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. त्याआधी बरीच वर्षं फळ्यासमोर उभी राहून शिकवलं. फळा सुटला तेव्हापासून एक प्रश्न मला सतत विचारला जातो. कधी पालक विचारतात, कधी वर्गात शिकवणारे सहकारी. ‘समोर बसवूनसुद्धा मुलांचं लक्ष लागत नाही, मग पडद्यावर ती शिकण्यात रमतात तरी कशी?’ मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि नंतर मला ते अपुरं वाटत राहतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

पडद्यासमोर मूल तासन्‌तास बसू शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या तासाला मला तेवढं पुरत नाही. मूल विचार करत असायला हवं. वर्गात असताना मी चेहऱ्यांवरून अंदाज बांधायचे. मान डोलावणारं मूल ऐकतंय आणि चुळबुळ करणारं ऐकत नाही, असं धरून चालायचे. ते किती चुकीचं होतं, हे चेहरे दिसेनासे झाल्यावर कळलं. पडद्याने तो आधार काढून घेतला, म्हणून मला दुसरा शोधावा लागला : मुलाने आत्ता, या मिनिटाला वहीत काय लिहिलं आहे?

हे सुचायला वेळ लागला. पहिले काही महिने मी सुंदर स्लाइड्स करायचे, पस्तीस मिनिटं बोलायचे आणि शेवटी विचारायचे, ‘समजलं ना?’ चॅटमध्ये ‘हो मॅडम’ची रांग लागायची. पुढच्या तासाला त्याच प्रकारचं गणित घातलं, तर निम्म्या मुलांना सुरुवातही करता येत नसे. मुलं खोटं बोलत नव्हती. मी सोडवत असताना त्यांना ते खरोखरच सोपं वाटत होतं. ‘समजलं ना?’ हा प्रश्न मी तेव्हापासून विचारत नाही.

आता काय करते, ते एका उदाहरणाने सांगते. दशांश अपूर्णांकांचा तास. मी विचारते, ‘०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका.’ अर्धा मिनिट कोणीच बोलत नाही. मग मी ‘पाठवा’ म्हणते आणि तीस उत्तरं एकदम येतात. वर्गात हाच प्रश्न विचारला असता, तर नेहमीचे चार-पाच हात वर झाले असते, त्यांतल्या एकाने बरोबर उत्तर दिलं असतं आणि बाकीच्यांनी ते ऐकून वहीत उतरवलं असतं. इथे तीसही जणांना आधी स्वतःचं उत्तर ठरवावं लागलं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावायची सोय नाही आणि हुशार मुलीच्या उत्तराची वाट बघायचीही सोय नाही.

पुष्कळ उत्तरं ‘०.३५’ अशी येतात. ३५ हे ५ पेक्षा मोठं, म्हणून. हा गोंधळ गणित शिकवणाऱ्या कोणालाही ओळखीचा आहे. मी कोण बरोबर, कोण चूक हे सांगत नाही. वेगवेगळी उत्तरं दिलेल्या मुलांच्या जोड्या करते आणि त्यांना तीन मिनिटं ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे दोघांपुरत्या वेगळ्या ऑनलाइन खोलीत, पाठवते : एकमेकांना पटवून द्या. परत आल्यावर पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा उत्तर. या तीन मिनिटांत मुलं जेवढी तावातावाने बोलतात, तेवढी माझ्याशी कधीच बोलत नाहीत. कोणी संख्यारेषा काढतं, कोणी ०.५ च्या पुढे शून्य लावून ०.५० करून दाखवतं. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९१ पासून आपल्या व्याख्यानांत हीच रीत वापरली : आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. ती मोठ्या मुलांसाठी आणि प्रत्यक्ष वर्गासाठी होती. ऑनलाइन तासाला मला ती जास्त सोयीची वाटते, कारण कोणाचं उत्तर काय होतं आणि चर्चेनंतर कोणाचं बदललं, हे सगळं माझ्यासमोर लिहिलेलं असतं.

त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेबद्दल थोडं सांगायला हवं. पडद्यावर शांतता शिक्षकाला फार टोचते. आवाज गेला की काय, मुलं उठून गेली की काय, असं वाटतं आणि आपण बोलायला लागतो. अमेरिकेत विज्ञानशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात उत्तरं लांब येत होती, जास्त मुलं आपणहून बोलत होती आणि ‘माहीत नाही’ कमी ऐकू येत होतं. नेटची गती आणि टाइप करण्याचा वेळ धरला, तर ऑनलाइन तीन सेकंदही पुरत नाहीत. मी मनात तीसपर्यंत मोजते. सुरुवातीला फार अवघड गेलं, आता ती शांतता मला हवीशी वाटते.

रेकॉर्ड केलेल्या पाठांबद्दलही तुम्ही विचारता. ‘एवढे चांगले व्हिडिओ आहेत, तेच का दाखवत नाही?’ दाखवते, पण तुकड्यातुकड्यांनी. फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिले गेल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी बघणारे साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. नुसत्या स्लाइड्सपेक्षा हाताने लिहीत, आकृती काढत समजावलेले पाठ लोक जास्त वेळ बघत होते, हेही त्यातच दिसलं. ते बहुतांशी महाविद्यालयीन पातळीचे अभ्यासक्रम होते. दहा वर्षांच्या मुलाकडून मी त्याहून जास्त धीर कसा मागू?

दुसरा एक प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. कार्ल श्पुनर, नोव्हल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये सुमारे २१ मिनिटांचं संख्याशास्त्राचं एक व्याख्यान चार भागांत विद्यार्थ्यांना दाखवलं. काहींना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली, काहींना नाही. मध्येमध्ये विचारलं, ‘आत्ता मन कुठे होतं?’ चाचणी देणाऱ्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. त्यांनी टिपणंही जास्त घेतली आणि शेवटच्या परीक्षेत त्यांना जास्त आठवलं. व्याख्यान तेच, पडदा तोच. फरक इतकाच की प्रत्येक भागानंतर त्यांना खरोखरच काहीतरी विचारलं जात होतं. माझ्या पाठांत दर पाच मिनिटांनी एक थांबा असतो तो यामुळे. थांब्यावर एक गणित, वहीत सोडवायचं, फोटो काढून पाठवायचा.

आणि तो फोटो मी बघते. हे वाक्य साधं दिसतं, पण माझा सगळा भर त्यावर आहे. पाठवलेलं उत्तर कुठेतरी जाऊन पडतं आणि कोणी बघत नाही, हे मुलांना दोन दिवसांत कळतं. मग ती पाठवणं थांबवतात, आणि आपण म्हणतो की ऑनलाइनमध्ये मुलांचं लक्ष लागत नाही. एकदा घरच्या अडचणीमुळे मला आठवडाभर वह्या बघता आल्या नाहीत. नवव्या-दहाव्या दिवशी निम्म्याच वह्या येऊ लागल्या. मुलांना पुन्हा वळणावर आणायला महिना गेला. तीस वह्यांचे फोटो बघायला मला रोज तासभर लागतो. प्रत्येकावर एकच ओळ लिहिते, पण ती त्याच वहीबद्दल असते : ‘तिसऱ्या पायरीत छेद बदललास, अंश तसाच राहिला. परत बघ.’ ‘छान’ एवढंच कधी लिहीत नाही. गुण देत नाही, चुकलेली पायरी दाखवते आणि पुन्हा पाठवायला सांगते.

हे सगळं इंटरनेटबरोबर आलेलं नाही. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जहून रेडिओवरची शाळा सुरू झाली. एकमेकांपासून फार दूर असलेल्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी. विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांसाठी उभारलेली दुतर्फी रेडिओयंत्रणाच तिने वापरली. सुरुवातीला पाठ एकतर्फीच होते : शिक्षिका बोलणार, मुलं ऐकणार. पण थोड्याच काळात प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ जोडावी लागली. चेहरा नाही, फळा नाही, आवाजात खरखर, तरीही मुलालाही बोलता येणं इतकं गरजेचं वाटलं. दूरचं शिक्षण म्हटलं की मला आधी ती शाळा आठवते.

मुलांनी तासाला कॅमेरा चालू ठेवायलाच हवा का, हा वाद तुम्हाला ठाऊक आहे. मी सक्ती करत नाही. सतत स्वतःचा चेहरा बघत राहणं आणि इतके चेहरे जवळून आपल्याकडे बघत असणं थकवणारं असतं, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं, आणि मोठी माणसं त्याने थकतात तर मुलं का थकू नयेत? काहींच्या घरात बसायला वेगळी जागा नसते आणि ते वर्गाला दिसावं असं त्यांना वाटत नाही. कॅमेरा बंद आणि उत्तर चालू, हे मला चालतं. कॅमेरा चालू असून तासभर एकही अक्षर न लिहिणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी काही मुलं फक्त मला दिसेल अशा संदेशात भरपूर प्रश्न विचारतात. ‘मॅडम, ऋण संख्येला ऋण संख्येने गुणलं की धन का येतं?’ असा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचं धाडस त्यांना कधी झालं नसतं. नाव न घेता मी तो सगळ्या वर्गापुढे मांडते. पुढच्या वेळी तेच मूल कधीकधी स्वतः अनम्यूट करतं.

तासाची सुरुवात मी मुलांना मागचं आठवायला लावून करते. गेल्या आठवड्यातले तीन प्रश्न, वही बंद ठेवून. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने चित्र उलटलं. पुन्हा वाचलेल्यांना ४२ टक्के आठवलं, वाचून मग आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के. मुलांना हे मी आकड्यांसकट सांगितलं आहे. आपल्याला हे का करायला लावलं जातं, हे कळलं की ती मनापासून करतात.

काही गोष्टी माझ्याने होत नाहीत. पहिली-दुसरीच्या मुलांना पडद्यावर शिकवणं मी घेत नाही. त्यांना हातात वस्तू आणि शेजारी माणूस लागतं. मधल्या सुट्टीतली मैत्री मी देऊ शकत नाही. आणि ज्या घरात एकच फोन तिघांत वाटला जातो, तिथे लक्ष लागतं का हा प्रश्नच विचारू नये, आधी दुसरा फोन मिळवून द्यावा. कोविडच्या महासाथीत १९० हून अधिक देशांत शाळा बंद पडल्या, दीड अब्जाहून जास्त मुलं घरी बसली. त्या घाईत जे चाललं त्यावरून ऑनलाइन शिक्षणाची परीक्षा करू नका, एवढी माझी विनंती आहे. पण त्या वेळी कोणती मुलं मागे पडली, हे मात्र विसरू नका.

तुमच्या मुलासाठी ऑनलाइन वर्ग बघत असाल, तर जाहिरात बाजूला ठेवा आणि एका तासाला त्याच्या शेजारी, पडद्याबाहेर बसा. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याला किती वेळा पेन उचलावं लागलं, ते मोजा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, ते बघा. मग त्याने मुद्दाम एक चुकीचं उत्तर पाठवावं आणि त्यावर कोणी काय लिहितं, याची दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघावी.