लग्नाच्या एक्झिबिशनला जावं का? तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोघींनी मला हाच प्रश्न विचारला, दोन वेगवेगळ्या बाजूंनी. सकाळी एका नवरीच्या आईचा फोन आला, मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे, शनिवार-रविवारी वेडिंग एक्झिबिशन आहे तर जाऊ का, काही उपयोग होतो का की नुसतीच पायपीट. आणि संध्याकाळी चिंचवडच्या एका मुलीचा मेसेज, ती मोत्याच्या मुंडावळ्या फार सुंदर करते, तिला त्याच प्रदर्शनात टेबल घ्यायचंय आणि दोन दिवसांचे १२,००० मागतायत, ताई घेऊ का? मी अकरा वर्षं पुण्यात घरूनच अंतरपाट आणि रुखवत करते, तेवढ्यात पंचवीसेक प्रदर्शनांत टेबल लावून झालंय, आणि भाचीच्या लग्नाच्या वेळी गिऱ्हाईक म्हणूनही फिरलेय. हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून एकदा नीटच लिहिते.

आधी लग्नघरचं. माझं सरळ म्हणणं आहे, जी गोष्ट हातात घेतल्यावर कळते तिच्यासाठी जरूर जा, आवडली तर तिथेच ठरवा. आणि जी गोष्ट लग्नाच्या दिवशीच कळणार आहे तिच्यासाठी फक्त कार्ड घेऊन घरी या, एक रुपया देऊ नका.

हातात कळणारी गोष्ट म्हणजे कशी, तर फेटेवाला. तिथल्या तिथे नवरदेवाच्या नाहीतर मामाच्या डोक्यावर बांधून घ्या, मान हलवली की सरकतो का बघा, कापड कसलं आहे ते चाचपा, आणि बांधायला किती वेळ लागला ते घड्याळात बघा, कारण लग्नात चाळीस डोकी असतात आणि मुहूर्ताआधी हाताशी तासभरच असतो. मेंदीवालीचंही तसंच, तळहातावर एवढंसं फूल काढून घ्या आणि घरी जा. खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होत जाते, तासाभरात काळीकुट्ट रंगली तर त्यात केमिकल आहे, काही जणींच्या हाताला त्याने फोड येतात, ते लग्नाच्या आधी चार महिने कळलेलं बरं. पैठणी बघताना पदर उलटा करा. हातमागाची असेल तर नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मशीनवरच्या साडीला मागे धागे सुटलेले नाहीतर कापलेले दिसतात. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद, मिळाली तरी बोर्डावर पैठणी हा शब्द कुणीही लिहितं, तेव्हा निदान शुद्ध रेशमाची खात्री देणारं सिल्क मार्कचं लेबल मागा, मागायला लाजू नका. सोनं बघत असाल तर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, असतो, तो सरकारी बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की दागिना किती कॅरटचा नोंदलाय ते तिथेच उभ्या उभ्या कळतं. पत्रिका हातात घ्या, कागद दुमडून बघा. आमच्यासारख्यांचे अंतरपाट उलगडायला लावा, रंग बोटाला लागतो का बघा, दोघांनी दोन टोकं धरून उभे राहा, मधे झोळ पडत असेल तर आम्हाला सांगा. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आता दुसरा प्रकार. डेकोरेशन, केटरिंग, फोटो, मेकअप. इथे भाचीची गोष्ट सांगते.

दादा-वहिनी, भाची, होणारे जावई आणि मी असे पाच जण एका मोठ्या प्रदर्शनात गेलो होतो. एका डेकोरेटरने तिथे छोटा मंडप उभा केला होता, खरी शेवंती, खरा झेंडू, मधे केळीचे खांब, भाची तिथून हलेचना. आज बुक केलं तर वीस टक्के कमी, उद्या हा रेट नाही, असं त्यांचं चाललेलं, आणि मागे अजून दोन कुटुंबं उभी, दादाने तिथेच २५,००० दिले. मी सोबत होते आणि मीही म्हटलं छान आहे, देऊन टाक. लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात गेलो तर समोरच्या खांबांना तेवढी खरी फुलं, बाकी सगळी कापडी, आणि संध्याकाळच्या बिलात टेम्पो वेगळा, जनरेटर वेगळा, जीएसटी वेगळा. पावती काढून बघितली, तिच्यावर "डेकोरेशन अ‍ॅडव्हान्स" एवढे दोनच शब्द. वाद कशावर घालणार? भाचीने फोटोत ती फुलं बघितली की आजही तिचा चेहरा उतरतो आणि मला स्वतःचा राग येतो, कारण मी या धंद्यातली, मला विचारायला सुचायला हवं होतं.

त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये आम्ही फेटेवाला आणि पत्रिका ठरवली आणि दोन्ही इतकं चांगलं झालं की फेटेवाल्या दादांना मी आता सगळ्यांना सुचवते. हॉल तोच, माणसं तीच, दिवसही तोच. तेव्हापासून हातातलं आणि दिवसाचं असे दोन भाग माझ्या डोक्यात पक्के बसलेत.

केटररकडे वाटीभर मसालेभात आणि जिलबीचा तुकडा खाऊन काय कळणार, पन्नास वाट्यांचा मसालेभात कुणीही चांगला करेल, सहाशे पानांची दुसरी पंगत बसते तेव्हा भात गरम असतो का आणि मठ्ठा पुरतो का हे बघायचं असतं. त्याला विचारा, पुढचं कार्य कुठे आहे, आम्ही चव बघायला येऊ का. चांगले केटरर स्वतःहून बोलावतात, आपल्याकडे ही जुनीच पद्धत आहे. जो टाळाटाळ करतो त्याचं कार्ड ठेवायचंच नाही. फोटोवाल्याला तीन मिनिटांचा गोड व्हिडिओ दाखवू देऊ नका, एका लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखव म्हणा, आणि लग्नाला तू स्वतः येणार की तुझ्या हाताखालचा कुणी येणार हे लिहून घ्या. सगळंच लिहून घ्या. किती ताटं धरलीत, वर लागली तर काय रेट, फुलं कुठली, वाहतूक धरून की सोडून, जीएसटी आत की बाहेर. बिल मागितल्यावर न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात चुकीचं धरलंय, आणि १९१५ या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते, पण तक्रारीला कागद लागतो, आमच्याकडे तोच नव्हता.

अजून एक, लकी ड्रॉचं कुपन भरू नका. त्यावर नाव, मोबाइल आणि लग्नाची तारीख असते, मग वर्षभर फोन येतात, कुणी लोन देतंय, कुणी म्हणतं तुम्हाला गिफ्ट लागलंय, दोघांनी मिळून घ्यायला या, आणि तिथे गेलं की हॉलिडे मेंबरशिप गळ्यात मारायला दोन तास बसवून ठेवतात.

कधी जायचं? कार्यालय आधी पक्कं करा, प्रदर्शन नंतर. चांगल्या मुहूर्ताची चांगली कार्यालयं आठ-दहा महिने आधी जातात, ती काही स्टॉलवर मिळत नाहीत. तारीख आणि जागा हातात असली की मग स्टॉलवर तुमचं बोलणंच वेगळं होतं, समोरचाही नीट उत्तर देतो. ज्यांची मुलं बाहेर आहेत, डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी येऊन लग्न करून परत जायचंय, त्यांना मात्र मी डोळे झाकून जा म्हणते, लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग आठवडाभर तुडवण्यापेक्षा एका दुपारी चाळीस गोष्टी डोळ्याखालून जातात. अशाच एका आईने अंतरपाट माझ्या टेबलावरून व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीतल्या मुलाला दाखवून ठरवला होता.

आता स्टॉलवाल्यांचं, म्हणजे माझ्या त्या चिंचवडच्या मुलीचं.

माझ्या पहिल्या प्रदर्शनाला मी दहा मोठे रुखवत सेट नेले होते, महिनाभर रात्री जागून केलेले. एक विकला गेला. लोक खूप कौतुक करायचे, हात लावून बघायचे, फोटो काढायचे आणि पुढे जायचे. मला वाटलं माझं कामच चांगलं नाही. नंतर कळलं की रुखवत कुणी हॉलमध्ये उभं राहून ठरवतच नाही, ते घरी ठरतं, आईबरोबर, मावशीबरोबर, मग आत्याला फोटो पाठवून. नवरीबरोबर कोण आलंय ते बघायला मी तिथे शिकले. दोघंच हातात हात घालून रविवारी संध्याकाळी येतात ते बघायला आलेले असतात, शनिवारी सकाळी आई आणि मावशी पिशवी घेऊन येतात त्या घ्यायला आलेल्या असतात, शनिवारी सकाळी दहाला टेबल पूर्ण लावलेलं पाहिजे.

हिशोब सांगते, मागच्या एका प्रदर्शनाचा. टेबलाचे १४,०००, टेम्पो १,८००, मदतीला मुलगी ठेवली तिचे दोन दिवसांचे १,४००, लाइटच्या पॉइंटचे वेगळे ५००. १७,७०० झाले. दोन दिवसांत विक्री ११,२००, त्यात माझं सामान आणि मजुरी अजून धरलेलीच नाही. रविवारी रात्री आवरताना कुणालाही वाटेल की बुडालो. पण माझ्या वहीत त्रेसष्ट नावं होती, प्रत्येक नावापुढे लग्नाची तारीख, नुसता नंबर नाही. तारीख असली की फोन कधी करायचा ते कळतं, लग्नाच्या तीन महिने आधी केला की लोकांना आठवण असते आणि गरजही असते. त्या त्रेसष्टांतून सात ऑर्डरी आल्या, ४६,००० च्या. म्हणजे प्रदर्शनाचा पैसा प्रदर्शनात मिळत नाही, पुढच्या चार-पाच महिन्यांत मिळतो, तोवर थांबायची ताकद असेल तरच टेबल घ्यावं. उसने पैसे काढून घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगते, दोन मैत्रिणींना त्यात रडताना बघितलंय.

आणि खरं कायमचं काम मला गिऱ्हाइकांकडून मिळालंच नाही, ते शेजारच्या टेबलांवरून मिळालं. एका वर्षी माझ्या शेजारी मेकअप करणारी मुलगी होती, दुपारी गर्दी नव्हती तेव्हा आम्ही डबे वाटून खाल्ले, तिने माझे अंतरपाट बघितले, आणि गेली सहा वर्षं ती तिच्या नवऱ्या मुलींना माझं नाव देते. एका कार्यालयाचे मॅनेजर असेच फिरत आले होते, त्यांच्याकडून वर्षाला दहा-बारा कामं येतात. २०२० आणि २०२१ ला प्रदर्शनं बंद, लग्नं पन्नास माणसांत, मग २०२१ च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसांत आणि दोन तासांत, तेव्हा याच लोकांनी मला तारलं. फोटो बघून ऑर्डर देणाऱ्यांचे अंतरपाट मात्र परत यायचे, फोनमध्ये रंग वेगळा दिसायचा, कापड पातळ वाटायचं. हात लावण्याची किंमत मला तेव्हा समजली.

टेबल घेण्याआधी तारीख पंचांगात बघा. मी एकदा पितृपक्षात बसलेय, हॉल स्वस्त मिळाला म्हणून आयोजकांनी तारीख धरली आणि मीही पंचांग न बघता पैसे भरले, दोन दिवस हॉलमध्ये आम्हीच एकमेकींच्या टेबलांवर जाऊन बसत होतो. पितृपक्षात लग्नाची खरेदी कोण करतं? उलट २०२३ ला अधिक श्रावणात लग्नाचं कुणी विचारत नव्हतं पण जावयाच्या वाणासाठी सजवलेली तबकं हवी होती, ती रविवारी दुपारपर्यंत संपली, तेव्हा महिना बघून माल न्यायचा असतो. आयोजकांना हेही विचारा की मुंडावळ्यांची अजून किती टेबलं आहेत, आणि बाकीचे स्टॉल कसले. नाव वेडिंग आणि निम्म्या टेबलांवर कुर्ती, बेडशीट आणि खाकरे असतील तर लग्नघरचे लोक तिथे फार थांबत नाहीत. डीजेवाल्याच्या शेजारची जागा फुकट दिली तरी घेऊ नका, बोलणंच ऐकू येत नाही.

मुंडावळ्या हातात घेतल्यावर कळतात, कपाळाला लावून आरशात बघितलं की लगेच पसंत पडतात, त्यामुळे तिला प्रदर्शन फळेल असं मला मनापासून वाटतं. पण पहिल्याच वेळी एकटीने १२,००० नको. मी तिला कळवलंय की या शनिवारी माझ्या सहा फुटी टेबलाचे दोन फूट तुझे, ४,००० दे, आरसा आठवणीने आण, मोठा आण, आणि वही आण. त्या नवरीच्या आईलाही मी शनिवारीच या म्हटलंय, सकाळी अकराच्या आत, मावशीला घेऊन.