मानेतले इंजेक्शन आणि कातडीखालची चरचर

आमच्या काठियावाडी घोडीला पोटशूळ उठला तेव्हा मी परगावी होतो. घोड्यांचे डॉक्टर रात्री पोहोचू शकत नव्हते, म्हणून मोतद्दाराने जवळच्या, एरवी गाईम्हशींवर उपचार करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावले आणि त्यांनी फ्लुनिक्सिनचे इंजेक्शन मानेच्या स्नायूत दिले. तासाभरात घोडीचे लोळणे थांबले. औषधाची निवड योग्यच होती, कारण पोटशुळात घोड्याला हे वेदनाशामक सर्रास देतात. मात्र ते शिरेतून द्यावे, स्नायूत टोचू नये, असे घोड्यांचे डॉक्टर कळकळीने सांगतात. असे का, ते आम्हाला पुढच्या दोन दिवसांत दिसले.

दुसऱ्या संध्याकाळी सुईच्या जागी गरम, टणक सूज आली होती. घोडी मान खाली करीना, त्यामुळे समोर वैरण असूनही उपाशी उभी होती. इंजेक्शनची गाठ येतेच, मिठाच्या पाण्याने शेका, असा सल्ला देणारे बरेच भेटले. रात्री ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेला, सूज खांद्याकडे उतरली, आणि मोतद्दाराने ती बोटांनी दाबली तेव्हा कातडीखाली चरचर लागली. ज्याच्या गोठ्यात दर पावसाळ्यापूर्वी फऱ्याची, म्हणजे गुरांच्या स्नायूंत वायू धरणाऱ्या रोगाची, लस टोचली जाते, त्याला ही चरचर काय असते हे सांगावे लागत नाही. त्याने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, आणि घोडी वाचली ती या फोनमुळे, असे मी मानतो.

डॉक्टरांनी सोनोग्राफीत स्नायूंमधला वायू दाखवला. सुईने काढलेले पाणी पातळ, लालसर आणि दुर्गंधी होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जाडसर दंडाकार जिवाणू दिसले. हे क्लॉस्ट्रिडियम कुळातले जिवाणू. फऱ्या आणि धनुर्वात यांचे जिवाणूही याच कुळातले. त्यांचे बीजाणू माती, शेण आणि घोड्याच्या आतड्यात असतात. ते सुईबरोबर आत जातात किंवा स्नायूत आधीपासूनच सुप्त पडून असतात. फ्लुनिक्सिनसारखे दाहक औषध स्नायूचा थोडा भाग मारते, त्या मेलेल्या भागात प्राणवायू पोहोचत नाही, आणि नेमक्या अशाच जागी बीजाणू रुजतात व विष सोडून शेजारचा स्नायू मारत जातात. स्पिरिटच्या बोळ्याने बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे सुई नवी होती आणि जागा पुसली होती एवढ्याने निर्धास्त होता येत नाही. ब जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनानंतरही घोड्यांना हा आजार झाल्याची उदाहरणे आहेत, पण फ्लुनिक्सिनचे नाव त्यात सर्वाधिक येते.

उपचाराचा पहिला भाग पाहणे कठीण होते. घोडीला उभ्यानेच गुंगी देऊन डॉक्टरांनी मानेवर लांब उभे छेद घेतले, आतला काळपट, मेलेला स्नायू कापून काढला आणि जखमा टाके न घालता उघड्या ठेवल्या, कारण आत हवा खेळली की या जिवाणूंची वाढ थांबते. त्याबरोबर शिरेतून सलाइन, तोंडाने मेट्रोनिडाझोल आणि दर सहा तासांनी शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलिन सुरू झाले. किलोमागे 44,000 युनिट या हिशेबाने साडेतीनशे किलोंच्या घोडीला एका वेळी दीड कोटी युनिट, म्हणजे दहा लाख युनिटच्या पंधरा कुप्या लागत. एवढा साठा तालुक्याच्या कोणत्याही एका दुकानात नव्हता. माझा सारा वेळ तो जमवण्यातच गेला. इथे एक गोष्ट प्रत्येक घोडेवाल्याने लक्षात ठेवावी: दुधाळ दिसणारे प्रोकेन पेनिसिलिन शिरेतून कधीही देत नाहीत, ते जिवावर बेतते.

प्रयोगशाळेच्या अहवालात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे नाव आले आणि डॉक्टरांचा चेहरा थोडा सैलावला. या आजाराच्या 37 घोड्यांचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे 73 टक्के घोडे वाचले, आणि परफ्रिंजेन्स असलेल्यांत हे प्रमाण त्याहून जास्त होते. मात्र त्या घोड्यांना जोरदार प्रतिजैविके मिळाली होती आणि त्यांच्या सुजेवर तातडीने छेद घेतले गेले होते. शेकत बसलेल्या घोड्याला ही टक्केवारी लागू होत नाही.

त्यानंतरचे काम सावकाशीचे होते. सुजेवरची कातडी चामड्यासारखी गार, कडक होऊन गळून पडली. आम्ही जखमा रोज धुत होतो, अळ्या पडू नयेत म्हणून कडेने माश्या दूर ठेवणारे मलम लावत होतो, आणि वैरणीची जाळी व पाण्याची बादली तिच्या छातीच्या उंचीवर टांगत होतो. धनुर्वाताची लसही दिली, कारण घोडा त्या आजाराला फार लवकर बळी पडतो. मांस आतून भरत वर आले तेव्हा उन्हाळा संपत आला होता.

घोडीच्या औषधोपचाराच्या वहीत पहिल्याच पानावर आता डॉक्टरांच्या हाताने लिहिले आहे की फ्लुनिक्सिन फक्त शिरेतून, तेही डॉक्टरांनीच द्यावे, कारण मानेत शिरेच्या शेजारीच धमनी असते आणि औषध चुकून धमनीत गेले तर घोडा जागीच कोसळू शकतो. डॉक्टर पोहोचायला वेळ लागणार असेल तर त्यांना फोनवर मात्रा विचारून तेच औषध तोंडात सोडावे. गुण यायला थोडा उशीर लागतो, पण येतो. श्रावणात तिला पुन्हा पोटशूळ उठला, तेव्हा मोतद्दाराने फोनवर मात्रा विचारून तसेच केले.