भिंतीवरची रेघ

"तुमच्यासारखे चौघे येऊन गेले," आजी म्हणाल्या. "पाणी कुठवर आलं, तेच सगळ्यांनी विचारलं. लिहून नेलं. पुढे काय झालं ते सांगायला कुणी परत आलं नाही."

पुराच्या पाहणीसाठी मी त्यांच्या घरी गेले होते, प्रश्नावलीचं पान उलटत होते. हात तिथेच थांबला.

मग त्यांनी भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. घर सगळं धुऊन काढलंय, तेवढी रेघ मात्र मुद्दाम ठेवलीय. "नातवंडांना कळायला हवं ना!"

परतताना इंडोनेशियातलं सिमेउलुए बेट आठवत राहिलं. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथल्या लोकांनी 'स्मोंग' या एका शब्दात, गोष्टींत, अंगाईत जपली. जमीन जोरात हादरली, समुद्र मागे सरला, की डोंगराकडे पळायचं. २६ डिसेंबर २००४ ला पुन्हा त्सुनामी आली, तेव्हा ते तसेच पळाले. हजारोंच्या वस्तीत बळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. संशोधक तिथे नंतर पोचले, शिकायला.

आजींची रेघ तेच काम करतेय. आणि आमची मोजमापं? ती कपाटात.

अहवालाची पहिली प्रत मी त्यांनाच वाचून दाखवणार आहे. तुमच्यापैकी कुणी असं परत गेलंय का? लोक काय म्हणाले?