परतीची वही

सोमवारी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात इंदूरच्या सीतलामाता बाजारातले शिंपी, आमचे मास्टर, आले आणि कात्री काउंटरवर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच. "बिटिया, ये तो कपड़ा चबा री है."

परवाच धार लावून नेली होती. ऐंशी रुपये घेतले होते. मेरठची जुनी, जड कात्री, मास्टरांच्या वडिलांची. 'दादा ले, पोता बरते', आजोबांनी घ्यावी आणि नातवानं वापरावी, असं तिच्याबद्दल म्हणतात आणि मास्टर ते प्रत्येक वेळी ऐकवतात. त्या दिवशी नाही ऐकवलं.

मी काही न बोलता कात्री उघडली, एक मूठ धरली आणि दुसरी सोडून दिली. ती धाडकन खाली आली. नीट आवळलेली कात्री अशी पडत नाही, थोडी उतरते आणि अडते. धार जागेवर होती, बोल्ट सैल होता. कात्रीची दोन पाती एकमेकींना सगळीकडे टेकलेली नसतात. ती किंचित बाकदार असतात, मूठ दाबत जावं तसा एकच बिंदू टोकाकडे सरकत जातो आणि कापड त्या बिंदूवर कापलं जातं. बोल्ट ढिला झाला की तो बिंदू हरवतो आणि कापड पात्यांच्या मध्ये आडवं पडतं. मास्टर त्याला चावणं म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे.

पाव वेढा आवळला. मलमलीची चिंधी टोकापर्यंत कापून दाखवली, मग त्यांच्याकडून कापून घेतली. पैसे घेतले नाहीत. बोल्ट मी सैल ठेवला की त्यांच्या पोराच्या हातून कात्री पडली, देव जाणे. वहीत लिहिलं: 'बोल्ट. दोष कोणाचा ते कळलं नाही.'

ही वही म्हणजे आमच्या दुकानाची परतीची वही. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. बाबांनी मल्हारगंजाच्या एका बोळात अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आणि एक साण टाकली आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिला चाकू परत आला. बाबांचं तक्रारीबद्दलचं धोरण सरळ होतं: चाकू घ्यायचा, चेहरा पाडायचा, पुन्हा धार लावायची, काही विचारायचं नाही. मी दुकानात बसायला लागले तेव्हा मला वाटलं, विचारायला हवं. म्हणून वही. तीन रकाने: वस्तू, गिऱ्हाईक काय म्हणालं, निघालं काय.

दुसरा रकाना मी शब्दाला शब्द लिहिते. 'टमाटर फिसल रा है.' 'पूर्वीपेक्षा हलका लागतो.' 'सुनेनं सांगितलंय धार नाही, मला तर वाटते आहे.' एकदा तर 'जास्तच धार लावलीत, बोट कापलं.' (त्या काकूंचा राग मला पटला. वर्षभर बोथट सुरीवर जोर द्यायची सवय झालेल्या हाताला धारदार सुरी देताना सांगायला हवं होतं. आता सांगते.) पण बहुतेक वेळा नुसतंच 'धार नाही' असं असतं. ताप आलाय म्हणण्यासारखंच आहे हे. कशामुळे आलाय ते तिसऱ्या रकान्यात.

आधी मी थेट विचारायची, "कापता कशावर?" समोरची बाई लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहायची. "कशावर म्हणजे? सगळे कापतात त्यावरच." आता मी विचारते, "आज काय भाजी?" मग आपोआप कळतं. भेंडी स्टीलच्या ताटात चिरली, कांदा ग्रॅनाइटच्या ओट्यावर, घाई होती. स्टीलच्या ताटावर आणि दगडी ओट्यावर कुठलीही धार टिकत नाही, पाच हजारांच्या सुरीचीही नाही. प्रत्येक घावाला कड थोडी दुमडते. लाकडी पाटावर तीच सुरी महिनाभर चालते. पण हे सांगायचं तर भाजीच्या गप्पांमधूनच सांगता येतं, उपदेश म्हणून सांगितलं की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं.

इंदूरचे ऋतूही वहीत दिसतात. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस करायचे दिवस आले की किसण्या येतात. किसणीला धार लावता येत नाही, निदान मला येत नाही. दाते झिजले की नवीन घ्या म्हणते आणि लोकांना वाटतं मी काम टाळते आहे. हिवाळ्यात गराडू, तळून खायचा कंद. बाहेरून ओबडधोबड, आतून बुळबुळीत. चाकू अडकला की लोक तो उपसून काढण्याऐवजी पिळतात आणि धारेला खांडं पडतात. पातळ धारेचा चाकू तर हमखास. म्हणून नोव्हेंबरपासून मी आधीच विचारते, "गराडूला वापरणार का?" हो म्हणाले तर कोन थोडा जाड ठेवते. टोमॅटोला तो चाकू तितका छान लागणार नाही, हेही तेव्हाच सांगते.

आता आमची चूक.

एका वर्षी दिवाळीच्या आधी दोन आठवड्यांत तीन-चार बायका तेच सांगत आल्या: "दोन दिवस छान चालली, मग गेली." मी प्रत्येकीला ताट-ओट्याचं पुराण ऐकवलं. एका दुपारी काम नव्हतं म्हणून वही चाळली. सगळ्या सुऱ्या त्या घाईत मदतीला ठेवलेल्या पोरानं केलेल्या. तो दगडावरून सुरी उचलून थेट कागदात गुंडाळत होता. धार लावताना पात्याच्या कडेला धातूची केसाएवढी पातळ पट्टी उलटून उभी राहते. बाबा तिला तार म्हणतात. बोटाला ती धारेसारखीच लागते, कागद झर्रकन कापते. पण दोन दिवसांत ती दुमडते किंवा तुटते आणि खाली राहते ती बोथट कड. ती तार आधी बारीक दगडावर हलक्या हातानं आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर मोडून काढावी लागते. दोन-तीन मिनिटांचं काम. ते झालंच नव्हतं आणि मी बायकांना ओट्याबद्दल बोलत होते. त्या काळातल्या पावत्या काढून सात घरी फोन केले. पाच जणी आल्या. एकीनं फोनवरच सांगितलं, "अगं, मी तेव्हाच फेकली ती."

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती कात्री सलूनची आहे. 2017 मधली गोष्ट. विजय नगरच्या एका सलूनमध्ये काम करणारा पंचविशीचा मुलगा, जपानी कात्री घेऊन आला. हप्त्यांवर घेतलेली, अठरा हजारांची, मखमली डबीत. डबी बघून मला मोह झाला, खरं सांगते. आपण रोज सुऱ्या आणि विळ्या करतो, आज असं काही हाती लागलंय.

शिंप्याच्या कात्रीची धार बाहेरून सपाट उतरती असते. या कात्र्यांची बाहेरची बाजू शिंपल्यासारखी फुगीर असते, उतार असा दिसतच नाही. मी तिला सपाट उतार दिला, 1000 नंबरच्या दगडावर, मग त्याहून बारीक 3000 वर, आरशासारखी चमकवून. कागद कापला. लोण्यासारखा कापला. दीडशे रुपये घेतले.

चौथ्या दिवशी तो आला. "ताई, बाल खींच री है." मी काय केलं? वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि कापून दाखवला. "हे बघ." तो म्हणाला, कागद कापते, केस नाही. मी म्हणाले, जे कागद कापतं ते केसही कापतं. मग विचारलं, पाण्यात ठेवली होतीस का? मग विचारलं, दुसऱ्या कोणी वापरली का? एकामागोमाग तीन वाक्यं, आणि तिन्ही त्याच्यावर ढकलणारी.

तो वाद घालत बसला नाही. बाहेरच्या नळावर गेला, स्वतःचं डोकं ओलं केलं, आत येऊन कपाळावरची एक बट धरली. त्यांचं काम नुसतं कच्चकन कापायचं नसतं. कात्री अर्धी उघडी ठेवून केसांवरून सरकवत न्यायची असते. फुगीर पात्यावरून केस घसरत घसरत कापले जातात. माझ्या सपाट उतारावर ते अडकले आणि ओढले गेले. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. केस ओढल्यामुळे असेल.

मागे खुर्चीवर बाबा बसले होते. तोपर्यंत गप्प होते. म्हणाले, "तू काय कागद विकतेस?"

घासून गेलेला धातू परत येत नाही. ती कात्री पुन्हा फुगीर करायची तर आणखी धातू जाणार, म्हणजे तिचं आयुष्य कमी होणार. हे मला त्याला सांगावं लागलं, आणि ते माफी मागण्यापेक्षा अवघड होतं. मुंबईला अशाच कात्र्यांचं काम करणाऱ्याकडे पाठवली, जाण्या-येण्याचा खर्च धरून अडीच हजार गेले. बारा दिवस तो मुलगा दुसऱ्याची कात्री मागून काम करत होता. त्या बारा दिवसांचे पैसे मी त्याला दिले नाहीत. सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आमच्या दारावर तेव्हापासून पाटी आहे: सलूनच्या कात्र्या घेत नाही. आणि कुठलीही वस्तू परत आली की आधी विचारते, तुमचं काम करून दाखवा. शिंप्याला कापड, सुताराला लाकडाचा तुकडा, काकूंना टोमॅटो. टोमॅटो मी दुकानातच ठेवते. उरलेल्यांची संध्याकाळी कोशिंबीर होते.

धमक्याही येतात. एका गृहस्थांच्या चाकूचं टोक तुटलं होतं, ते म्हणाले ग्राहक आयोगात जाईन. मी घरी येऊन वाचून काढलं. 2019 चा कायदा, 2020 च्या जुलैपासून लागू, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही नाही. म्हणजे ते खरंच जाऊ शकले असते. आमच्या पावतीवर तेव्हा छापलेलं असायचं, 'नंतर तक्रार चालणार नाही.' त्या ओळीमुळे एकही तक्रार कमी झाली नव्हती, फक्त लोक आधीच चिडून यायचे. ती ओळ काढली. आता वस्तू घेताना गिऱ्हाइकासमोर फोनवर फोटो काढते, टोकाचा वेगळा. ते गृहस्थ पुढे आले नाहीत. चाकूनं डबा उघडायचा प्रयत्न झाला होता, हे त्यांच्या मुलानंच सांगितलं.

सध्या वहीत एकच ओळ अशी आहे, जिचा तिसरा रकाना रिकामा आहे. रामबागेतल्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सासूबाईंचा अडकित्ता धारेला दिला. लोखंडी, हाताळून हाताळून काळाभोर झालेला. पोरानं धार तर लावलीच, वर प्रेमानं अख्खा अडकित्ता बफावर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, धरून चांदीसारखा चमकवला. आजींनी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"पोरी, हा कोणाचा दिलास?"

सुपारी कापून दाखवली, एका दाबात खटकन. आजी म्हणाल्या, धारेचं मी बोललेच नाही. मी म्हणाले, वापरून पुन्हा काळा होईल, सुपारीच्या तुरटपणानं लोखंड काळं पडतंच. आजी म्हणाल्या, "मला त्याला किती वर्षं लागतील?" मी गप्प. त्यांनी अडकित्ता काउंटरवर सरकवला. "तूच वापर मग. काळा झाला की दे."

घरात सुपारी खाणारे फक्त बाबा, आणि डॉक्टरांनी त्यांना सुपारी बंद केली आहे. तरी रोज दुपारी मी चार सुपाऱ्या कातरते आणि शेजारच्या पानवाल्याला नेऊन देते. बाबा त्यातली एखादी मध्येच उचलतात, मी बघत नाही. दर महिन्याला आजी येतात, चष्मा पुसतात, अडकित्ता उजेडात धरतात. मुठी काळसर झाल्या आहेत. बिजागरीपाशी अजून चमकतो.

"अजून नाही," म्हणतात, आणि जातात.