लाइन गेली, तेव्हा

परवा जेवताना अंधार झाला आणि आई म्हणाली, "गेली वाटते लाइन." नागपुरात वीज जात नाही, लाइनच जाते. सातवीतल्या भाचीने विचारलं, "मावशी, मग सिव्हिल लाइन्समधली लाइन कोणती?"

ती रांगेची. इंग्रजांच्या फौजेत राहुट्या, बराकी रांगेने असत. त्या वस्तीला लाइन्स म्हणत. लष्कराची छावणी १८२१ पासून कामठीला. मुलकी साहेबांची वस्ती वेगळी, म्हणून ती सिव्हिल. आज तिथे विधानभवन आहे, हायकोर्टाचं खंडपीठ आहे. पोलीस लाइन टाकळीतली लाइनही त्याच जातीची. बँकेतली, फोनची, कवितेची, "मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे?" मधली, या तर तिला ठाऊकच होत्या.

मला मात्र वेड लावलं ते या शब्दाच्या मुळाने. लॅटिनमध्ये जवसाला लिनुम म्हणतात. जवसाच्या खोडातून वाख निघतो, वाखाचं सूत होतं, आणि त्या सुताचं नाव लिनेआ. सूत ताणलं की सरळ रेघ मिळते. तीच लाइन! लिनन त्याच घरातलं. कोटाचं अस्तर, म्हणजे लायनिंग, तेही. कारण पूर्वी ते लिननचं लावत. आपले सुतार-गवंडीसुद्धा दोरी ताणूनच काम करतात, आणि भिंत सरळ आली की "सुतात आहे" म्हणतात. दोन भाषा, एकच ताणलेला धागा. मला हे फार सुंदर वाटतं.

ताटात तेव्हा जवसाचीच चटणी होती, आईने सकाळी कुटलेली. मी मेणबत्ती जवळ सरकवली आणि भाचीला म्हटलं, "ही बघ."