फक्कीच्या तीन रेषा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा वर्गमैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळीला निघाले होते. वॉर्डात पोहोचेपर्यंत डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. कबड्डीच्या मैदानाशेजारी, चिंचेच्या झाडाखाली, फक्कीने मारलेल्या तीन पांढऱ्या रेषा. १९८५-८६ साली जे नववीत होते त्यांना त्या कशाच्या हे सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी लिहिते. त्या रेषा इंग्रजीच्या तासाच्या होत्या.

आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आमच्या घरात इंग्रजी म्हणजे खताच्या पोत्यावर आणि औषधाच्या बाटलीवर छापलेलं असेल तेवढंच. नववीत जर-तरची वाक्यं आली. गाइडात तीन प्रकारांचा तक्ता होता, तो आम्ही पाढ्यासारखा पाठ केला आणि घटक चाचणीत निम्मा वर्ग आपटला.

सरांनी पेपर वाटले, पण छडीला हात लावला नाही. (सरांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधीच आवडलं नाही, आणि ओळखणारे उजव्या बाहीवरच्या खडूच्या भुकटीवरून ओळखतीलच.) त्यांनी आमच्या चुका फळ्यावर लिहिल्या आणि प्रत्येकीच्या खाली मूळ मराठी वाक्य लिहिलं. ‘उद्या पाऊस आला तर’ याचं बऱ्याच जणांनी ‘इफ द रेन केम टुमॉरो’ केलं होतं. सर म्हणाले, "ही चूक तुम्हाला मराठीने करायला लावली. आपण उद्याच्या पावसालाही ‘आला’ म्हणतो. इंग्रजीत उद्या खरंच येऊ शकणाऱ्या पावसाला ‘कम्स’ लागतं." काही हुशार मुलांनी उद्या म्हणजे भविष्यकाळ असं धरून ‘इफ’च्या मागोमाग ‘विल’ घातलं होतं, तेही गेलं.

तिसरी चूक मात्र जवळजवळ सगळ्यांची होती. ‘मला पंख असते तर मी उडाले असते.’ आम्ही लिहिलं, ‘आय वुड हॅव फ्लोन.’ शेवटचं ‘असते’ आम्हाला ‘हॅव’सारखं वाटलं. सरांनी एका मुलीची मराठी व्याकरणाची वही मागून घेतली. बाईंनी संकेतार्थ शिकवताना दिलेलं उदाहरण त्यात होतं, ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.’ ते पंखांच्या वाक्याशेजारी लिहून सर म्हणाले, "बघा. आज पंख नाहीत त्यालाही ‘असते’, आणि गेल्या वर्षी पाऊस झाला नाही त्यालाही ‘असतं’. मराठीला एवढं पुरतं. इंग्रजीत आजची हळहळ वेगळी आणि कालची वेगळी." तिथेच तास संपला.

दुसऱ्या दिवशी तास पटांगणावर. सरांनी खेळाच्या सरांकडून पाटीभर फक्की आणली होती. एकेका पावलाच्या अंतरावर तीन रेषा ओढल्या. पहिली रेषा, ‘होऊ शकतं’. तिच्या मागची, ‘तसं नाही, पण समजा’. सगळ्यांत मागची, ‘होऊन गेलं’. आम्ही सगळे पहिल्या रेषेवर उभे. सर मराठीत वाक्य म्हणणार, ज्याला ते जिथलं वाटेल तिथे त्याने उडी मारायची, तीही पाठ न फिरवता, मागच्या मागे. उडी पडली की तिथलं क्रियापद ओरडायचं. ‘हॅव’, मागे ‘हॅड’, त्याच्याही मागे ‘हॅड हॅड’. ‘समजा’ म्हटलं की क्रियापद एक पाऊल मागे जातं, हे मला तक्त्यातून कधीच कळलं नव्हतं. टाचा जमिनीवर आपटल्या तेव्हा कळलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषेत गोंधळ झाला की सर विचारायचे, "‘तेव्हा’ घालून बघ, बसतंय का?" ‘तेव्हा पंख असते तर’ कोणी म्हणत नाही. ‘तेव्हा पाऊस पडला असता तर’ म्हणतो. ‘तेव्हा’ बसलं की आणखी एक उडी. मुलींच्या परकरांचे घेर आणि मुलांच्या पोटऱ्या फक्कीने पांढऱ्या व्हायच्या. पुढचा तास गणिताचा, त्या सरांना आम्ही कुठून आलो हे विचारावं लागायचं नाही.

एकदा सर म्हणाले, "मला लॉटरी लागली तर मी विहीर बांधीन." निम्मे जण पहिल्या रेषेवरच थांबले, निम्मे दुसरीवर. भांडण जुंपलं. सरांनी विचारलं, "महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट कोणाच्या घरात आहे?" दोघा-तिघांनी हात वर केले. "तुम्ही पुढे उभे राहा. ज्यांनी तिकीटच काढलं नाही ते मागे. दोघंही बरोबर." आम्हाला हे पटेना. वाक्य एकच, मग उत्तरं दोन कशी? सर म्हणाले, "रेषा वाक्यात नसते. बोलणाऱ्याला काय वाटतंय त्यावर ती ठरते." तेव्हा मी हे नुसतं ऐकून घेतलं.

पावसाळ्यात पटांगण चिखलाचं, म्हणून वर्गातले खेळ. त्यासाठी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या चिठ्ठ्या. निम्म्या चिठ्ठ्यांवर ‘इफ’चा भाग, निम्म्यांवर उरलेला. प्रत्येकाने एक उचलायची, कोणाला दाखवायची नाही, फक्त तोंडाने म्हणत जोडीदार शोधायचा. अर्थ जुळला म्हणून जोडी जमली असं नव्हतं. ‘इफ आय हॅड मिस्ड द बस’ हातात असेल, तर ‘आय वुड वॉक टू स्कूल’वाला पुढ्यात येऊनही सोडून द्यायचा, कारण वर्गात कुठेतरी ‘आय वुड हॅव वॉक्ड टू स्कूल’ म्हणत दुसरा फिरत असायचा. साठेक मुलांनी एकाच वेळी असा कल्ला केला की मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे राहायचे. त्या काळी आमच्या वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत. पेन्सिल हवी असली तरी मुलींच्या रांगेतून मुलींच्याच रांगेत मागितली जायची. त्या डब्यामुळे आम्ही पहिल्यांदा बोललो, आणि तेही इंग्रजीत.

‘अनलेस’चा खेळ छोटा होता. दहावीच्या पेपरात ‘इफ’ काढून ‘अनलेस’ घाला असा प्रश्न यायचा आणि मुलं ‘अनलेस’ घालूनही ‘नॉट’ तसाच ठेवायची. सरांनी पुठ्ठ्यावर ‘नॉट’ लिहून एकाच्या हातात दिला. वाक्यात ‘अनलेस’ आलं की त्याने पुठ्ठा खिडकीतून बाहेर टाकायचा. "‘अनलेस’ स्वतःच्या पोटात ‘नाही’ घेऊन येतं. दुसऱ्या ‘नाही’ला बाकावर जागा नाही." दोन दिवसांत ही चूक थांबली.

१८ एप्रिल १९८६ ला शुक्रवार होता. शारजात शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या, चेतन शर्माचा फुलटॉस मियाँदादने प्रेक्षकांत भिरकावला, आणि सगळं गाव न जेवता झोपलं. शनिवारी सकाळची शाळा. परीक्षा तोंडावर आलेली, पण कोणाचंच लक्ष नाही. सर वर्गात आले आणि त्यांनी फळ्यावर एवढंच लिहिलं, ‘इफ चेतन शर्मा हॅड बोल्ड अ यॉर्कर’. पुढचा भाग सगळ्या मुलांनी एका दमात म्हटला. ‘वी वुड हॅव वन.’ एकाचंही ‘हॅव’ चुकलं नाही. मग मुलींची पाळी. आमच्यातल्या एकीने इतिहास काढला. ‘इफ विश्वासराव हॅड नॉट डाइड अ‍ॅट पानिपत.’ शेजारच्या वर्गावरचे इतिहासाचे सर आवाज ऐकून दारात आले. ते म्हणाले, विश्वासरावांना गोळी लागली हे १४ जानेवारी १७६१ चं झालं, खरं ‘जर’ त्याच्या आधी शोधा. गोविंदपंत बुंदेले मारले गेले नसते, छावणीला धान्य पोहोचलं असतं, तर? मग दोन्ही सरांनी मिळून आमच्याकडून एकेक वाक्य करून घेतलं. ‘इफ द फूड हॅड रीच्ड द कॅम्प’ हे वाक्य माझं. उपाशी सैन्य कसं लढलं असेल हा विचार त्या दिवशी इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता पहिल्यांदा मनात आला.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्याच वर्षीचा फेब्रुवारी महिना, साखळीचा खेळ. पहिलीने वाक्य करायचं, त्याचा शेवट धरून दुसरीने पुढचं. हा खेळही रेषांवरच चालायचा. माझ्या आधीच्या मैत्रिणीने पहिल्या रेषेवरून म्हटलं, ‘इफ आय पास द एसएससी, आय विल जॉइन इलेव्हन्थ.’ मी तिचा शेवट उचलला, एक पाऊल मागे सरकले आणि म्हटलं, ‘इफ आय जॉइन्ड इलेव्हन्थ, आय वुड बिकम अ नर्स.’ वर्ग ओरडला, चूक, चूक, ‘जॉइन’ पाहिजे, ‘विल’ पाहिजे. साखळीच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "अगं, मुद्दाम मागे सरकलीस का?" मी मान हलवली. दहावी झाली की लग्न, हे आमच्या घरी ठरलेलं होतं. अकरावी माझ्यासाठी दुसऱ्याच रेषेवर होती. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. पुढची."

त्या रविवारी सर सायकलवरून आमच्या वस्तीवर आले. आण्णा गोठ्यात होते. आईने चहा टाकला, मी दाराआड उभी. बराच वेळ उसाची लागण, विहिरीचं पाणी, असंच काहीबाही चाललं. मग आण्णाच म्हणाले, "सर, पोरीनं काय केलं का शाळंत?"

सर म्हणाले, "काही नाही. अभ्यासात चांगली आहे. फक्त एक गोष्ट मला खटकली. बाकीच्या पोरी ‘अकरावीला गेले तर’ म्हणतात. तुमची ‘गेले असते तर’ म्हणते. दहावीचं वर्ष अजून उजाडायचंय, आण्णा, आणि ती आताच ‘असते’ म्हणायला लागलीय."

आण्णा काही बोलले नाहीत. कपातला चहा बशीत ओतला, प्यायले, आणि म्हणाले, "बघू." आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही असायचं. सर सायकल वळवून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही आणि मीही नाही. पण १९८७ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागल्यावर आण्णा स्वतः माझ्याबरोबर तालुक्याला आले, कॉलेजचा फॉर्म भरला, आणि स्टँडवर रांगेत उभं राहून एसटीचा पास काढला. पासावर फोटो नीट चिकटलाय का ते त्यांनी दोनदा अंगठ्याने दाबून पाहिलं. घरी आल्यावर आईला म्हणाले, "जाऊ दे तिला. तिचं ते ‘असते’ माझ्या कानातनं जाईना."

बारावीनंतर मी नर्सिंगला गेले. जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम, पुस्तकं सगळी इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेतल्या मुली पहिले सहा महिने शब्दांखाली पेन्सिलीने अर्थ लिहीत असू. पण त्या पुस्तकांत पानोपानी ‘इफ’ होतं. ताप उतरला नाही तर, रक्तदाब खाली गेला तर, रुग्णाला दम लागला तर. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "व्हॉट विल यू डू इफ द पेशंट गोज इनटू शॉक?" माझ्या आधीच्या दोघींना येत असूनही इंग्रजीत मांडता आलं नव्हतं. मला टेबलाखाली पायाला फक्की लागल्यासारखं वाटलं. पहिली रेषा. मी म्हटलं, "इफ द पेशंट गोज इनटू शॉक, आय विल रेज द फूट एंड ऑफ द बेड, कीप हिम वॉर्म अँड कॉल द डॉक्टर अ‍ॅट वन्स." मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला.

आज माझ्या हाताखाली शिकायला मुली येतात, त्यांतल्या कित्येक अजूनही खेड्यातल्या मराठी शाळांतून आलेल्या असतात. रात्री वॉर्ड शांत झाला की मी त्यांना कॉरिडॉरमध्ये उभं करते. तिथे फरशीच्या सांध्यांच्या रेषा आयत्याच आहेत. मी मराठीत वाक्य म्हणते, त्या मागे उडी मारतात, आवाज न करता, चपला काढून.

सर निवृत्तीनंतर त्यांच्या गावी गेले. शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा सामान हलवताना तो पत्र्याचा डबा कोणीतरी घरी नेला असं ऐकलं. त्यातली एक चिठ्ठी माझ्याकडे आहे. एका खेळात जोडी न मिळाल्याने ती माझ्या हातातच राहिली आणि मी ती दप्तरात टाकली. लग्नपत्रिकेच्या पाठीवर निळ्या शाईत सरांचं तिरकं अक्षर, ‘आय वुड हॅव वॉक्ड टू स्कूल’. मागे हळदीचं बोट उमटलेलं आहे. तिची जोडी अजून त्या डब्यातच असणार. डबा कोणाकडे असेल तर मेळाव्याला घेऊन या. मी चिठ्ठी आणते.